भेटीची दहा मिनिटं

३ तारीख, मंगळवार

धाकटीच्या कपड्यांची पिशवी शेवटी माझ्याच हातात आली. ऑपरेशन थिएटरच्या दारातून मावशींनी "पेशंटचं कोण आहे?" म्हणून हाक मारली, तेव्हा दिराने छताचा पंखा निरखायला सुरुवात केली. बायको त्याची, पिशवी माझी. काळं प्लास्टिक, वर गाठ. आत तिचा निळा गाऊन असणार हे गाठ न सोडताच कळलं, कारण पिशवी जड लागत होती आणि गळत होती.

सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे बाहेरच्या बाहेर. घरात आणू नकोस." आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. लोकांचे डाग काढून आम्ही पोट भरतो, सासूबाईंचंही त्यातच भरतं. मी पिशवी घरी आणली आणि गाऊन गार पाण्यात भिजत घातला. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग जन्माचा बसतो. तीन पाणी बदलली तरी चौथं लालच. मग मात्र मी बेसिनपाशी जाऊन ओकले. बेसिनवर तिचा कंगवा होता, केसांच्या गुंत्यासकट. रोज सांगते, केस काढून टाकत जा म्हणून. तो बघून पुन्हा एकदा ओकले.

काल काय झालं ते लिहून ठेवते. नाहीतर आमच्या घरात आठवड्याभरात त्याची वेगळीच गोष्ट होईल.

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, पहिलटकरीण. दिवस भरायला महिना बाकी. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, पाय चपलेत जाईनात. सासूबाईंचं ठरलेलं, "पाय काय सगळ्यांचेच सुजतात. आम्ही नाही का पोरं काढली?" काल सकाळी ती डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली आणि भिंत धरून खाली बसली. मी दुकानाला कुलूप ठोकलं आणि तिला टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलातल्या मुलीने रक्तदाब मोजला, यंत्र बदललं, पुन्हा मोजला आणि पळत सुटली. लगेच पोट उघडून मुलगी काढली. एवढीशी, पण ठणठणीत रडली. तोवर दीर येऊन पोचला होता. त्याने घरी कळवलं, मुलगी झाली म्हणून.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आवाज घोगरा, बाईचा की पुरुषाचा कळू नये असा. म्हणाल्या, रक्त थांबत नाहीये, गर्भाशय आवळतच नाही. औषधं झाली, आत फुगा घालून झाला. आता गर्भपिशवी काढली नाही तर बाई हातची जाईल. इथे सही करा.

आणि दीर म्हणाला, "एक मिनिट हं डॉक्टर. आईला विचारतो."

फोन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. मी म्हटलं, "भाऊजी, सही करा हो!" त्याने माझ्याकडे न बघता तळहात दाखवला, चौकातला पोलीस गाड्या थांबवताना दाखवतो तसा. पुन्हा फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. "आम्ही दोन डॉक्टर सह्या करतो आणि काढतो. तुमच्या आईंचा फोन लागला की मला कळवा," म्हणाल्या आणि दार आपटलं.

सासूबाईंचा फोन का लागत नव्हता? त्या सगळ्या गोतावळ्याला आनंदाची बातमी देत होत्या.

शिसारी आली मला. कोणाची ते नेमकं सांगता यायचं नाही.

४ तारीख, बुधवार

धाकटीला 'बाळंतिणींचा अतिदक्षता विभाग' अशी पाटी असलेल्या खोलीत ठेवलंय. मला वाटायचं अतिदक्षता म्हणजे म्हातारे लोक, छातीत कळ आलेले. इथे सगळ्या तरण्याताठ्या पोरी. कोणाला फिट आलेली, कोणाचं रक्त गेलेलं. पोटं रिकामी झालेली आणि पोरं दुसऱ्याच मजल्यावर. बाहेर बाकांवर आम्ही. बाकाखाली कोणाचं तरी अर्धवट खाल्लेलं केळं कालपासून काळं पडतंय. मी उचलणार नाही. मी घरात सगळ्यांचं उचलते, इथेही मीच का?

भेट सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एकाच माणसाने जायचं. दिराला म्हटलं जा. म्हणाला, "वहिनी, मला नाही बघवत." सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण ते गुडघे दोन मजले चढून नात बघायला कालही गेले, आजही. उरले कोण? घरातली हक्काची.

चपला बाहेर, अंगात मागून बांधायचा डगला, डोक्याला टोपी, हात कोपरापर्यंत धुवायचे. आत गेले आणि मला वाटलं चुकीच्या पलंगापाशी आणलं. तोंड मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं फुगलेलं. ओठांत नळी, नळीला चिकटपट्टी, चिकटपट्टीखाली लाळ. पलंगाला लटकवलेल्या पिशवीत लघवी, रंग कोऱ्या चहाचा. मशीन तिच्या वतीने श्वास घेतं, आणि दर श्वासाला छाती अशी वर उचलली जाते की वाटतं कोणी खालून ढकलतंय. मला बघवलं नाही. पण मला बघवत नाही असं म्हणायची सोय कोणी ठेवली नव्हती.

तिथली चष्मेवाली सिस्टर फार उत्साही. मला उत्साही माणसांचा वीट आहे. म्हणाली, "बोला ना त्यांच्याशी. झोपेचं औषध चालू आहे, पण कान उघडे असतात हं."

काय बोलायचं? आम्ही दोघी जावा. एका छपराखाली राहून आमचं बोलणं म्हणजे, दूध आलं का, गॅस बंद केलास का, माझी कात्री कुठे ठेवलीस. लग्न होऊन आल्यापासून ही पोरगी माझी कात्री पळवते आणि मोठ्याने बेसूर गाते. सिस्टर बघत उभी होती म्हणून मी म्हटलं, "तुझा कंगवा अजून बेसिनवरच आहे. केसांसकट. मी काढणार नाहीये, आधीच सांगते."

सिस्टर म्हणाली, "छान! असंच बोला."

छान कसलं डोंबल.

६ तारीख, शुक्रवार

मूत्रपिंडं बंद पडलीत. आता रक्त धुवायचं मशीन लावलंय. रक्त नळीतून बाहेर येतं, मशीनमधून फिरतं आणि परत आत जातं. मी म्हटलं, "तुझं रक्त धुतायत, बाई. मी तुझा गाऊन धुतेय. दोघांचे डाग निघाले म्हणजे मिळवली." दुसरं काय बोलणार? मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगितल्या. त्या टकल्याच्या कोटाचं अस्तर फाटलं ते आमच्याकडे नाही फाटलं, असं तिला पटवून दिलं. ती काही हुज्जत घालत नव्हती. आमच्या घरात असा श्रोता पहिल्यांदाच.

घरी आल्यावर टेबलाशी बैठक बसलेली. सासूबाई, दीर आणि आमचे हे. विषय, धाकटी शुद्धीवर आली तर गर्भपिशवीचं काय सांगायचं. ठरलं की सांगायचंच नाही.

दीर म्हणाला, "तिला धक्का बसेल."

सासूबाई म्हणाल्या, "आणि चार लोकांत कळता कामा नये. पिशवी नसलेली बाई म्हणून आयुष्यभर बोलतील तिला. राहू दे बिचारीला आशेवर. वर्ष-दोन वर्षं वाट बघेल, मग हळूहळू आपोआप समजेलच की."

आपोआप! दर महिन्याला कॅलेंडर बघत बसेल पोरगी, आणि ह्या बाई समोर बसून शेंगा सोलतील. वाट बघणं काय असतं, हे मला विचारा. मला विचारायची गरज नाही, सगळ्यांनी ते बघितलंय. या घरात माझ्या वाट बघण्यावर जेवणाच्या ताटावर चर्चा व्हायची, वाढणारी मीच.

मी म्हटलं, "तिचं शरीर आहे. तिला कळायला नको?"

आमचे हे म्हणाले, "तू मध्ये तोंड घालू नकोस. आणि तिथे तूच असतेस रोज, तेव्हा सांभाळून."

मी मान हलवली आणि चहा टाकला. स्वतःचाच इतका संताप आला की साखर दोनदा घातली. कोणाच्या लक्षातही आलं नाही, मिटक्या मारत प्यायले.

७ तारीख, शनिवार

आज जे केलं ते मी कोणाला सांगणार नाही. इथे लिहिते.

आत गेले तर सिस्टरने पडदा ओढलेला. म्हणाली, "बरं झालं आलात, जरा भांडं धरता का?" धाकटीला दूध आलंय. माणूस मशीनवर, मूत्रपिंडं बंद, आणि अंगाला वाटतंय की मूल भुकेलं असेल. काढलं नाही तर गाठी होतात, ताप चढतो. आणि सध्याच्या औषधांमुळे मुलीला ते देता येत नाही. म्हणून पिळायचं आणि फेकायचं.

मी स्टीलचं भांडं धरून उभी राहिले. सिस्टरची बोटं सराईत, जणू भाजी निवडतेय. पिवळट, दाट, चिकट. एक धार माझ्या मनगटावर उडाली, कोमट. भांडं टाकून पळणार होते. मला या गोष्टीचा अनुभव नाही. धाकटीच्या कपाळावर मात्र एक आठीही नव्हती.

भांडं सिंकमध्ये ओतलं. मी नळ सोडला, दोनदा सोडला. हात साबणाने धुतले, डगल्याला पुसले, पुन्हा धुतले. बसमध्ये, दुकानात, दिवसभर मनगटाला तो गोडसर वास. गिऱ्हाईक कोट दाखवत होतं आणि मी मनगट हुंगत होते. मला स्वतःची किळस यायला हवी होती.

दूध फेकतात हे सासूबाईंना नातीच्या वॉर्डात कळलं, तर घरी येऊन म्हणाल्या, "एवढं चांगलं दूध फुकट घालवतात? काय मेली पद्धत." दुधाची हळहळ. दूधवालीची चौकशी नाही.

९ तारीख, सोमवार

ताप चढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू रक्तात गेलेत, आजचा-उद्याचा दिवस निघाला पाहिजे. एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले, उभ्या-उभ्या. त्यांच्या पायांत दोन वेगवेगळे मोजे होते.

मी बाहेर बाकावर. शेजारी ट्रकवाला. त्याची बायको दुसऱ्या नंबरच्या पलंगावर. माणूस अंगाने दांडगा, अंगाला डिझेलचा वास, आणि दोन्ही वेळेला आत जातो. बायकोच्या पायांना तेल चोळतो म्हणे. मी त्याला विचारलं, सही करताना काय वाटलं? म्हणाला, "वाचलंच नाही, ताई. त्या बोलत होत्या तोवर मी करून टाकली. वाचायला वेळ कुठे होता?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिराचा निरोप. छोटीचा फोटो, टोपीतला, आणि खाली, 'आमच्या घरी परी आली. आई आणि बाळ दोघी सुखरूप.' खाली अभिनंदनांची रांग. फुलं, टाळ्या, नाचणारी अस्वलं. आमच्या ह्यांचाही अंगठा.

आई सुखरूप! मी काचेच्या दाराच्या अलीकडे आणि आई पलीकडे तापाने फणफणलेली. माझ्या डोक्यात सणक गेली. आत गेले तेव्हा हात धुतल्याचंही आठवत नाही, पण धुतलेच असणार, सिस्टरने सोडलं नसतं.

आणि मी बोलले. खाली वाकून, दात-ओठ खात, तिच्या कानात सगळं ओकून टाकलं. म्हटलं, इथे मरतेस काय, तिकडे तू सुखरूप आहेस म्हणून लोक टाळ्या वाजवतायत. म्हटलं, तुझी पिशवी काढलीये. गेली. आणि हे तुला सांगणार नाहीयेत, तुला आशेवर ठेवणार आहेत, माझ्यासारखं. म्हटलं, तुझ्या अंगातून बादलीभर रक्त वाहत होतं आणि तुझा नवरा आईला फोन लावत होता, लागत नव्हता तरी लावत होता. मेलीस तर ह्यांची सुटका आहे, लक्षात ठेव. रडतील, आणि तुझ्या फोटोला हार घालून मोकळे होतील. त्यापेक्षा ऊठ. ऊठ आणि विचार त्याला, आईंचा फोन लागला का म्हणून!

मशीन कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली. "नाडी कशी वाढली एकदम? काय बोललात?"

"काही नाही. आपलं घरचं."

तिने बटण दाबून आवाज बंद केला आणि धाकटीकडे बघत राहिली. धाकटीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी म्हटलं, हे काय? सिस्टर म्हणाली, "डोळ्यांत मलम घालतो आम्ही, कोरडे पडू नयेत म्हणून. वितळतं कधीकधी." मलमच असणार. सिस्टर जरा विचारात पडल्यासारखी दिसली, पण वेळ संपली होती.

बाहेर आल्यावर बरं वाटलं. भिंतीशी बोलल्यासारखं, पण बरं.

१० तारीख, मंगळवार

ताप उतरतोय.

११ तारीख, बुधवार

ट्रकवाल्याची बायको गेली.

सही लगेच केली होती. दोन्ही वेळेला आत जात होता. पायांना तेल चोळत होता. तरी गेली. आणि आमच्याकडे आईला फोन लावणाऱ्याच्या बायकोचा ताप उतरतोय. हा हिशोब ज्याने कोणी मांडलाय, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा.

तो बाळाला घेऊन निघाला तेव्हा बाळाची मान त्याला धरता येत नव्हती. मी दाखवलं, अशी. मी कुठे कोणाचं बाळ धरलंय, पण दाखवलं. मग मी बाकाखालचं ते केळं उचललं आणि टोपलीत टाकलं. पार काळं झालं होतं, बोटांत गळलं.

गाऊनचा डाग बराचसा निघालाय. शिवणीतला राहिलाय. शिवणीतलं निघत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

नळी काढली. स्वतःहून श्वास घेतेय, आणि लघवीही व्हायला लागली. सिस्टरने मला लघवीची पिशवी अशी उचलून दाखवली की जणू बक्षीस मिळालंय. आणि मी ती पिशवी बघून हसले! माझी तब्येतही दाखवून घ्यायला हवी.

धाकटीचे डोळे उघडे होते. माझ्याकडे एकटक बघत होती. ओठ फुटलेले, आवाज फाटका. मी जवळ कान नेला. म्हणाली, "कंगवा."

घ्या! मरणाच्या दारातून परत आली आणि पहिली आठवण कशाची, तर नटण्याची. मुलगी झाली का, कशी आहे, काही नाही. मी म्हटलं, "आणते बाई तुझा कंगवा." ती किंचित हसल्यासारखी वाटली. सिस्टर म्हणे औषधाच्या गुंगीत काहीबाही बोलतात, लक्ष देऊ नका.

बाहेर येऊन दिराला सांगितलं, बोलली. तो तोंड झाकून बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडला. शेंबूड आला तर रुमाल नव्हता, माझाच दिला. लहानपणी याच्या तोंडचा घाससुद्धा आईने ठरवलेला, मोठेपणी सहीसुद्धा. कीव आली. पण कीव येते म्हणून चीड जात नाही. दोन्ही राहतात.

१६ तारीख, सोमवार

साध्या वॉर्डात हलवलं. आता सगळ्यांचे गुडघे बरे झालेत. सासूबाई येतात, दीर फुलं घेऊन येतो, आमचे हेसुद्धा येऊन उभे राहून घड्याळ बघून गेले. छोटीला खाली आणून तिच्या कुशीत दिलं. दूध पाजता येईल आता. धाकटीने तिची बोटं एकेक उघडून बघितली.

ती काहीच विचारत नाही. हे मला समजत नाही. एवढी टाक्यांची ओळ पोटावर, एवढे दिवस गेले, माणूस विचारेल की नाही, माझं काय झालं म्हणून? नुसती ऐकते. मी पलंगापाशी असले की माझ्याकडे बघते, आणि मी नजर चुकवते. आत कशी तोंड सुटल्यासारखी बोलत होते, आता घड्या घालायला चादरी शोधते. मला माझीच किळस येते. डगला घालून शूर होते, डगला काढला आणि संपलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. "गर्भाशय काढल्याचं सांगितलंत त्यांना?"

दीर म्हणाला, "सांगू, डॉक्टर. जरा सावरू दे. आम्हीच सांगू, घरच्या घरी."

"परवा सकाळी मी येणार आहे. तोवर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. मी काढलंय, मला चोरून ठेवता येणार नाही."

त्या गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "फार तोंडाळ बाई आहे." मग बेत ठरला. परवा डॉक्टरीणबाई यायच्या आत आपण सगळ्यांनी जायचं, आणि 'एक छोटंसं ऑपरेशन करावं लागलं' एवढंच सांगून ठेवायचं. म्हणजे नंतर त्या काही बोलल्या तरी तिला अर्धवटच कळेल. काय डोकं चालतं! हेच डोकं त्या दिवशी पाय सुजले तेव्हा चाललं असतं तर.

१८ तारीख, बुधवार

दुकान आज उघडलंच नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आम्ही चौघं वॉर्डात. धाकटी उशीला टेकून बसलेली, छोटी छातीशी. पीत होती. मान मी दाखवल्याशिवायच बरोबर धरली होती. दीर स्टुलावर. आमचे हे खिडकीशी. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि लाडात आल्या. "तुला एक छोटंसं ऑपरेशन करावं लागलं हो. पण आता सगळं छान आहे. आता तू खाऊन-पिऊन टुणटुणीत हो, आणि पुढच्या वेळी हिला एक भाऊ आण, म्हणजे झालं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. यांनी खिडकीशी उभं राहून माझ्याकडे बघितलं होतं.

धाकटीने सासूबाईंकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघितलं. आवाज अजून फाटलेलाच आहे तिचा, पण वॉर्डातल्या समोरच्या पलंगापर्यंत गेला.

"आईंचा फोन लागला का?"

दीर म्हणाला, "कुठला फोन?"

"त्या दिवशी लावत होतात तो. माझी पिशवी काढायची होती तेव्हा."

छोटीचं चुटूचुटू पिणं तेवढं ऐकू येत होतं. दिराचा चेहरा असा झाला की मी बघायचं टाळलं. चुना फासल्यासारखा पांढरा. तो काहीतरी म्हणायला गेला आणि 'एंगेज' एवढाच शब्द बाहेर पडला. बिचारा खरंच बोलला. सासूबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "कोणी भरवलं हे हिच्या कानात?" आणि तिघांच्याही माना माझ्याकडे वळल्या.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, हातात फाइल, मागे चष्मेवाली सिस्टर. आमची तोंडं बघून थांबल्या. "सांगितलंत का यांना?"

धाकटी म्हणाली, "हो डॉक्टर. ताईंनी सांगितलं. मी मशीनवर होते तेव्हाच."

सिस्टरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घरचं, नाही का?" म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि धाकटीशी नीट बोलल्या, काय काढलं, का काढलं, काय शिल्लक आहे. मला जा म्हणाल्या नाहीत, म्हणून मी उभी राहिले. धाकटी रडली. मोठ्याने, बेसूर, गाते तशीच. छोटी दचकून रडायला लागली. मी छोटीला घेतलं. सगळ्यांचं रडून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, कंगवा आणलात? की तो बेसिनवरच ठेवणार होतात, केसांसकट?"

पर्समध्ये होता. शुक्रवारपासून होता, द्यायचा राहिला होता. केस मी आधीच काढले होते त्यातले, हे काही मी तिला सांगितलं नाही. तिच्या मागे बसून विंचरायला लागले. तापाने केस पार कमजोर झालेत. एकेका फणीला पुंजकेच्या पुंजके हातात येत होते. मी ते बोटांवर गुंडाळत गेले, तिला दिसू नयेत म्हणून. एकदा तिने हात मागे केला आणि म्हणाली, "असू दे, ताई. मला कळतंय." मी विंचरत राहिले. तिला जेवढं वाटलं तेवढं रडता आलं.

घरी कोणी माझ्याशी बोलत नाहीये. सासूबाईंनी खोलीचं दार लावून घेतलंय. दीर अजून आलेला नाही, हॉस्पिटलातच बसलाय. आत बोलावलेलं नाही, तरी बसलाय.

यांनी मात्र संध्याकाळी पेपर उघडता उघडता विचारलं, "तुला बजावलं होतं ना मी?"

मी म्हटलं, "ती बेशुद्ध होती."

"मग बेशुद्ध माणसाशी एवढं बोलायचंच कशाला?"

मी म्हटलं, "सवय. लग्न झाल्यापासून या घरात मी अशीच बोलत आलेय, कोणाला ऐकू जात नाही हे धरूनच. ह्या वेळी गेलं."

यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "काय म्हणालीस?"

काही नाही म्हटलं. उद्या सकाळी जायचंच आहे, तिला सांगेन.